बेचिराख गावचा येसकर

“कोरटखेड,” अप्पारावनं पुकारलं. “बेचिराख.”

“बराबर,” सूर्यभान म्हणाला आणि नावासमोर पेन्सिलीनं बारीक खूण केली. अप्पाराव पुढच्या गावावर गेला, त्यालाही बराबर म्हणून झालं, त्याच्या पुढच्यालाही, आणि मग कुठं सूर्यभानच्या ध्यानात आलं की आपण काय म्हणून बसलो. बाप बाहेर लिंबाच्या बुडाशी बसलेला होता. ज्या गावातून तो तीन दिवसांमागं मोटारीनं आला, त्या गावात माणूस राहत नाही, असं लेक आत बसून सरकारी आवाजात सांगत होता. अप्पारावनं चष्म्यावरून पाहिलं. “क्या जी, नींद लगी क्या?” त्यानं विचारलं. सूर्यभान हसला, पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि नुसताच खाली ठेवला. पाणी नको होतं. काय हवं होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

छप्पन सालच्या ऑक्टोबरची पंचवीस तारीख होती. सात दिवसांनी हैदराबाद राज्य मोडायचं होतं. तेलंगण आंध्राबरोबर, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे. वर्तमानपत्रांत त्याचे मोठाले मथळे येत होते, पण नारायणगुड्यातल्या या आकड्यांच्या कचेरीत राज्य मोडणं म्हणजे कपाटं वाटणं, दुसरं काही नाही. भाऊ वेगळे होताना भांडी मोजून घेतात, तशी इथं गावं मोजून घेत होते. मुंबईला जायच्या तक्त्यांत चूक जाऊ नये म्हणून जोड्या लावल्या होत्या. एकानं मूळ वहीतून पुकारायचं, दुसऱ्यानं नकलेत बघून बराबर म्हणायचं. सकाळपासून तीनशे गावं झाली की आरतीसारखं होतं, तोंड चालतं आणि मन भलतीकडं असतं. अप्पाराव वरंगळकडचा, त्याला कुठं जायचं नव्हतं, तो खुशीत पुकारायचा. बेचिराख हा शब्द निजामाच्या वेळेपासून दफ्तरात बसलेला. गावाला नाव आहे, शीव आहे, सारा आहे, पण दिवा लावायला माणूस नाही, ते बेचिराख. असं गाव आलं की अप्पारावला बरं वाटायचं, पुढचे रकाने पुकारावे लागत नसत. बायका, पुरुष, साक्षर, निरक्षर, शेतीवर, धंद्यावर, सगळीकडं एकच आडवी रेघ.

कोरटखेडचे आकडे सूर्यभानला तोंडपाठ होते. एकवीस साली सहाशे अकरा माणसं. एकतीसला पाचशे चाळीस. एक्केचाळीसला तीनशे अठ्ठ्याऐंशी. एक्कावन्नला ती रेघ. वरचे साहेब याला कल म्हणत. ग्रामीण लोकसंख्येचा कल असा, शहराकडचा ओढा तसा, म्हणून इंग्रजीत टिपणं लिहीत, आणि सूर्यभान त्यांच्या सुबक नकला करी. त्याला त्या कलात माणसं चालताना दिसत. पहिल्यांदा कोष्टी गेले, कारण गिरणीचं लुगडं स्वस्त पडायला लागलं. मग तेली गेला, डब्यातलं तेल आलं म्हणून. मग रेल्वे दुसऱ्याच गावावरून गेली आणि बाजार उठून तिकडं गेला. बाजार गेल्यावर राहिलं काय! रझाकारांच्या वर्षात सगळं गाव सरहद्दीपलीकडच्या छावणीत जाऊन राहिलं, आलं ते निम्मंच आलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर मोमीनांची पाच घरं एका दुपारी गेली, ती कुठं गेली हे कुणी विचारलं नाही, सूर्यभाननंही नाही. मग हिम्मतराव पाटलांनी हैदराबादेत कापडाचं दुकान टाकलं. पाटीलच गेल्यावर सुतार कुणाचा नांगर भरणार आणि न्हावी कुणाची हजामत करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. गाव तिथं महारवाडा असं लोक नाक मुरडून म्हणतात. कोरटखेडात गाव गेलं आणि महारवाडा तेवढा राहिला. मग तीही माणसं बोधनकडं ऊस तोडायला जायला लागली, दसऱ्याला गेली की शिमग्यालाच परत, आणि पुढं परतायचीही थांबली. राहिला एक नागोराव, सूर्यभानचा बाप.

तो राहिला कारण तो येसकर होता. वेशीवर बसायचं, गावात कोण आलं कोण गेलं पाहायचं, दिवस मावळताना घुंगुरकाठी आपटत गावातून एक फेरी मारायची, हे त्याच्या घराण्याचं काम. त्याबद्दल हाडोळ्याचा म्हणून चार एकराचा एक दगडगोट्याचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होता. हिम्मतराव पाटील गाडीत बसताना म्हणाले होते, “गावाकडं बघ रे नाग्या, आम्ही दिवाळीपस्तोवर आलोच.” कुठल्या दिवाळीपर्यंत ते सांगायचं राहिलं. नागोरावनं तो शब्द धरून ठेवला. ज्या घरांच्या ओसरीला त्यानं जन्मात हात लावला नव्हता, त्या घरांची कुलपं तो रोज संध्याकाळी लांबून बघून यायचा. कुणाचं कौल सरकलं, कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला, सगळं ध्यानात ठेवायचा, पाटील आले म्हणजे सांगता यावं म्हणून. सूर्यभान सुट्टीत गावी गेला आणि पहिल्यांदा त्यानं हे पाहिलं तेव्हा त्याला हसू आलं. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा मात्र संताप आला. मोकळ्या गल्लीत घुंगरू वाजतायत, बंद दारांपुढं म्हातारा थांबतोय, काठी आपटतोय, आणि पुढं जातोय. आई, सखू तिचं नाव, तोवर वारली होती. बापानं तिचा दिवस घातला आणि त्याही संध्याकाळी फेरी चुकवली नाही.

“वैराट गाव,” अप्पाराव पुकारत होता. “एकशे सत्तावीस.” “बराबर.” “पुरुष पासष्ट.” “बराबर.” सूर्यभानचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि मन एक्कावन्नच्या फेब्रुवारीत जाऊन बसलं होतं. त्या वर्षी खानेसुमारीच्या गणकांना द्यायच्या सूचनांची मराठी नक्कल त्यानंच केली होती, चाळीस पानं, सुबक अक्षरात. त्यात एक नियम होता. नऊ फेब्रुवारी ते एक मार्च, हे वीस दिवस माणूस जिथं असेल तिथं त्याला मोजायचं. सबंध वीस दिवस घरी नसेल तर घरच्या गावी मोजायचं नाही. नियम साधा आणि शहाणपणाचा होता. नक्कल करता करता सूर्यभानचा टाक त्या ओळीवर थांबला. महारवाड्यातली सगळी उसावर आहेत. गावात आहे तो एकटा बाप. हे वीस दिवस बाप इथं राहिला तर कोरटखेड संपलं. बेचिराख गावाला येसकर कशाचा? वेसच नाही तर बसणार कुठं? एका ओळीत बाप सुटतो. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आजवर सुचली कशी नाही, याचंच त्याला नवल वाटलं होतं.

बापाच्या डाव्या डोळ्याला पाणी यायचं, ते निमित्त झालं. सूर्यभान जाऊन त्याला घेऊन आला. डॉक्टरनं पापणी उलटी करून पाहिली, धूळ गेली म्हणाला, औषधाचे थेंब दिले आणि खुशाल घरी जा म्हणाला. तो बोलला इंग्रजीत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बापानं विचारलं, काय म्हनला रे? आणि सूर्यभान म्हणाला की पडदा यायला लागलाय, पंधरा-वीस दिवस थांबा, उन्हात जाऊ नका. विचार करून म्हणाला असंही नाही, तोंडातून सरळ निघालं. म्हाताऱ्यानं मलकपेठेतल्या त्या दोन खोल्यांत डोळ्यावर हिरवं फडकं बांधून वीस दिवस काढले. रोज संध्याकाळी अस्वस्थ व्हायचा, उठून दारापर्यंत जायचा, परत यायचा, गावाकडं कुणी बघत असेल का रे म्हणून विचारायचा. सूर्यभानच्या बायकोनं, विमलाबाईनं, औषधाच्या बाटलीवरून सगळं ओळखलं होतं. कशाला कोंडता म्हाताऱ्याला, इतकंच ती एकदा म्हणाली. त्यांच्या भल्यासाठी, तो म्हणाला. मग मोहल्ल्याचा गणक आला आणि सूर्यभाननं त्याला स्वतः सांगून पाच चिठ्ठ्या लिहवल्या. आपण, बायको, दोन मुलं आणि बाप, नागोराव, वय पासष्ट. दोन मार्चला त्यानं बापाला मोटारीत बसवून दिलं. नव्या धोतरात बाप खूश होता, डोळा वाचवलास म्हणून लेकाला शंभर आशीर्वाद देऊन गेला. गेला तो कोरटखेडलाच. त्याला काय ठाऊक की गाव संपलंय! त्यानं त्या संध्याकाळी काठी घेतली आणि फेरी सुरू केली, ती पाच वर्षं चालूच होती. कागदाला माणूस सोडवता येतो असं वाटलं होतं सूर्यभानला. उलट त्या तुकड्याला कुणी धक्का लावला नाही तेव्हा कागद कुणी वाचतच नाही की काय, असं वाटून तो निवांत झाला, आणि नंतर विसरला.

कुणीतरी वाचलाच. या दसऱ्याच्या सुमारास तलाठ्यानं नागोरावला बोलावून सांगितलं की कोरटखेड बेचिराख लागलंय. गाव बेचिराख तर येसकी नाही, येसकी नाही तर हाडोळा नाही, तो शेजारच्या गावच्या गायरानात जाणार. तक्रार असली तर हैदराबादेत करा, आणि पहिल्या तारखेच्या आत करा, पुढं सगळी दफ्तरं मुंबईला. नागोरावनं भाकरी बांधून घेतली आणि लेकाकडं आला. आपला लेक तर त्याच दफ्तरात! तुकड्याचं काही नाही, तो जेवताना म्हणाला होता. तितं दगडच हायेत. पण मी तितं ऱ्हातो आन् तितं कुनीच ऱ्हात न्हाई म्हनत्यात, ह्ये काय बरं न्हाई सूर्यभाना. तुज्या साहेबाला एवढंच सांग, की येक मानूस लिवा. फकस्त येक. विमलाबाई चुलीशी होती. तिनं मान वर केली नाही.

सूर्यभाननं सांगतो म्हटलं आणि तीन दिवस सांगितलं नाही. बाप रोज त्याच्याबरोबर चालत कचेरीपर्यंत यायचा, लिंबाखाली बसायचा, आणि संध्याकाळी काही न विचारता बरोबर परत निघायचा. विचारलं असतं तर परवडलं असतं. दहा-अकरा दिवसांपूर्वीच सूर्यभान नागपूरला जाऊन आला होता, लाखो माणसांत पांढरे कपडे घालून उभा राहिला होता. बाबासाहेबांच्या मागोमाग त्यानं शपथा म्हटल्या होत्या. चोरी करणार नाही म्हणताना काही वाटलं नाही, खोटं बोलणार नाही म्हणताना तो शब्दभर मागं राहिला आणि मग घाईनं पुढच्यांत मिसळला. परत आला तो हलका होऊन आला होता. आता हे हिशेब जुने झाले, नवा जन्म आहे, असं वाटत होतं. आणि आठवड्याभरात दारात बाप बसलेला. घुंगुरकाठी भिंतीला टेकवून ठेवलेली. ती काठी टाकून द्या आबा, आता आपलं ते काम नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी म्हणायचं होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार? ज्यानं बापाला न विचारता त्याच्याखालचं गाव काढून घेतलं, त्यानं काठी सोड म्हणावं?

वैराट संपलं तसा तो उठला. अप्पारावला दोन मिनिटं म्हणाला आणि केशवराव साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. केशवराव औरंगाबादचे, पहिल्या तारखेला तिकडंच जाणार होते, त्यांच्या खुर्चीशेजारी दोरखंडानं बांधलेली ट्रंक होती. माणूस वाईट नव्हता. सूर्यभाननं गावाचं नाव सांगितलं, तिथं एक माणूस राहतो, पहिल्यापासून राहतो, म्हणून सांगितलं. बाप आहे म्हणाला. साहेबांनी लगेच त्या मोहल्ल्याचं बाड काढायला लावलं, आपण होऊन चिठ्ठी शोधली, आणि वाचून हळूच त्याच्यापुढं सरकवली. ते तुमच्याकडं मोजलेत, सूर्यभान, साहेब म्हणाले. वीस दिवस इथं होते ना? मग बरोबर आहे. एक माणूस दोनदा कसा मोजणार? नियम चुकला असता तर मी आत्ता सही केली असती. नियम कुठं चुकलाच नाही. सूर्यभान चिठ्ठीकडं पाहत उभा राहिला. कायमचा राहणारा की पाहुणा, असा प्रश्न होता, आणि पुढं गणकाच्या अक्षरात लिहिलं होतं, कायमचा. ते त्यानंच सांगितलं होतं. साहेबांना सगळं सांगावं असं त्याच्या मनात आलं. सांगितलं असतं तर ‘कायमचा’ हा शब्द खोटा ठरून चिठ्ठी रद्द झाली असती, नोकरीही कदाचित गेली असती, पण तो एक आकडा लिहिला गेला असता. साहेब वाट पाहत होते. बरोबर आहे साहेब, तो म्हणाला, आणि चिठ्ठी परत दिली. दारापर्यंत येईस्तोवर त्याला स्वतःची किळस आली.

लिंबाखाली बापानं उठून जागा करून दिली, लेक सरकारी माणूस म्हणून. सूर्यभान बसला आणि अर्धं खरं सांगायला लागला, कारण सबंध खरं निघत नव्हतं. तुम्हाला मोजलंय आबा, तो म्हणाला. सोडलेलं नाही. आपल्या घरात मोजलंय.

“आपल्या म्हंजी?”

“मलकपेठेत. तुम्ही डोळ्यासाठी आला होता ना, तेव्हाच शिरगणती चालू होती. वीस दिवस. माणूस असेल तिथं मोजायचा असा कायदा होता.”

“आन् तितं?”

“तिथं त्या वीस दिवसांत कुणीच नव्हतं.”

नागोरावनं हे सावकाश समजून घेतलं. जमिनीवरची लिंबाची काडी उचलली, मोडली, टाकली. सूर्यभानला वाटलं आता चिडेल, ओरडेल. त्याला ते हवंच होतं. पण म्हातारा बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता की लेकाला वाकावं लागलं.

“म्हंजी म्या मोडलं. येसकरानं येस सोडली, आन् त्याच वक्ताला सरकार आलं.”

तसं नाही आबा, सूर्यभान म्हणाला. पण कसं ते त्याला सांगता येईना. बाप ऐकतही नव्हता. बोटांवर काहीतरी मोजत होता. पाटील, तेली, सुतार, न्हावी, मोमीनांची पाच घरं. सगळ्यांनी मला सांगून सोपवलं, तो म्हणत होता, आन् म्या डोळ्याच्या पाण्यापायी उठून आलो. आंधळा झालो आस्तो तर काय बिघडत व्हतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं. कचेरीतली माणसं जाता येता बघत होती. सूर्यभाननं बापाच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात बापाच्या पाठीवर हात ठेवायची ही पहिलीच वेळ, आणि पाठ इतकी हाडाची असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता सांग, त्यानं स्वतःला म्हटलं. आत्ता. पण त्याआधी बापच उभा राहिला आणि हिम्मतराव पाटलांचं दुकान कुठं आहे म्हणाला. त्यांच्या पायावर डोकं ठेवल्याबिगर मला आन्न जायाचं न्हाई, म्हणाला.

सूर्यभाननं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काचीगुड्यावरून दोघं चालत सुलतान बाजारला आले. दिवाळी सात-आठ दिवसांवर, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. रिक्षावाले ओरडतायत, बोहरी बायका झालरी निवडतायत, पणत्यांचे ढीग, आणि त्या गर्दीत बाप काठी उचलून धरून चाललेला, घुंगरू वाजू नयेत म्हणून. सूर्यभानला राहून राहून वाटत होतं की एखादा टांगा आडवा यावा, दुकान बंद असावं. वाटेत थांबवून सांगता आलं असतं. दोनदा त्यानं आबा म्हणून हाकही मारली. गर्दीच्या आवाजात बापाला ऐकू गेली नाही, किंवा त्यानंच पुरेशी मोठ्यानं मारली नाही.

दुकान उघडंच होतं. हिम्मतराव गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडत होते. अंगानं सुटले होते, पागोटं जाऊन काळी टोपी आली होती, आणि बोलणं निम्मं दखनी झालं होतं. नागोराव पायरीखालीच थांबला, वहाणा काढल्या, कमरेत वाकला. “जोहार, मायबाप.” तो शब्द सूर्यभानच्या अंगातून सळकन गेला. दुकानातल्या चार बायका वळून बघायला लागल्या. हिम्मतरावांनी डोळे बारीक केले. ओळख पटायला वेळ लागला, आणि पटली तेव्हा ते खरोखरच आनंदले. अरे नागोराव, म्हणाले, नाग्या म्हणाले नाहीत, शहरात राहून तेवढं बदललं होतं. कुठं असतोस आता?

“तितंच, मालक. कोरटखेडात.”

“अजून?” हिम्मतराव म्हणाले. “अरे, तिथं आहे काय आता? मला वाटलं तू कधीच पोराकडं आला असशील.”

नागोरावला ते कळलं नाही, किंवा त्यानं कळू दिलं नाही. त्यानं हात जोडून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तुम्ही सोपवून गेलात, मी राखलं, तुमच्या माडीचा पूर्वेकडचा वासा एकोणपन्नासच्या पावसात बसला, पण कुलूप तसंच आहे. मग डोळ्याला पाणी आलं, मी वीस दिवस वेस सोडली, त्या वीस दिवसांत सरकार मोजायला आलं, आणि तुमचं गाव बेचिराख लागलं. माझ्या हातनं गाव गेलं, मालक. पदरात घ्या. हिम्मतरावांचं एक बोट साडीच्या काठावर होतं आणि लक्ष गिऱ्हाइकाकडं. त्यांना त्यातलं निम्मं समजलं असेल. पण शेवटचं वाक्य समजलं, माफी मागतोय एवढं समजलं, आणि बऱ्याच वर्षांनी कुणीतरी पाटील म्हणून पायरीशी आलं होतं. त्यांची पाठ सरळ झाली. गावातल्या जुन्या आवाजात ते म्हणाले, “बरं बरं. झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही माफ केलं तुला.”

आणि तिथं, इतक्या लोकांत, सूर्यभानचं तोंड उघडलं. तो पायरी चढून वर गेला.

“त्यांची काही चूक नाही. मी आणलं त्यांना. डोळ्याला काही झालं नव्हतं, डॉक्टर जा म्हणाला होता. गाव कागदावरून जावं म्हणून मी खोटं बोलून त्यांना वीस दिवस इथं ठेवलं. मी केलंय हे. माफी मागायची तर मी मागायला पाहिजे, आणि तुमची नाही, त्यांची.”

तो बापाकडं वळला. म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. तो लेकाकडं बघत होता, आणि बघता बघता त्याचा सबंध चेहरा निवळला, सुरकुत्या हसऱ्या झाल्या. असा चेहरा सूर्यभाननं मॅट्रिक पास झाल्याच्या दिवशी पाहिला होता.

“लेकरू हाय, मालक,” नागोराव म्हणाला. “बापाची चूक आंगावर घेतंय.”

नाही आबा, खरंच सांगतो, सूर्यभान म्हणाला. त्या बाटलीचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, जितकं सांगावं तितका बाप मान हलवत होता आणि डोळे पुसत होता. गप ऱ्हा, बाप म्हणाला, कळ्ळं मला. हिम्मतरावही हसायला लागले. लेक चांगला निघाला रे तुझा, म्हणाले, आजकाल कोण करतं एवढं. गिऱ्हाइकांतली एक बाई हौ म्हणाली. हिम्मतरावांनी दिवाळीचं म्हणून एक धोतराचं पान काढलं आणि हातात द्यायला पुढं केलं. नागोरावनं सवयीनं उपरणं पसरलं. हिम्मतरावांचा हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी पान वरून टाकलं.

परतीच्या बसमध्ये चादरघाटचा पूल येईस्तोवर बापानं शेजारच्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. तो माणूस तेलुगू, त्याला मराठी कळत नव्हतं, तरी मान डोलवत होता. सूर्यभान खिडकीबाहेर मुसी नदीचा वाळवंटी पाट बघत होता. खरं सांगितलं की मोकळं वाटतं असं म्हणतात. त्याला तसं काही वाटत नव्हतं. बाप मात्र मोकळा झाला होता. मालकानं माफ केलं, म्हणत होता, आता तिकडं जायचं कारण न्हाई, आता तुज्याकडंच ऱ्हातो. पाच वर्षांपूर्वी सूर्यभानला हेच ऐकायचं होतं, याच शब्दांत. आता ते ऐकूनही तो खिडकीबाहेरच बघत राहिला. उद्या सकाळी उरलेली गावं पुकारायची होती. अप्पाराव वाट बघत असेल.

घरी आल्याबरोबर नागोराव सुनेला हाका मारायला लागला. पाणीसुद्धा घेतलं नाही. तुज्या नवऱ्यानं आज काय केलं ऐक पोरी, म्हणाला, आणि पायरी, साड्या, बायका, मालकाचं बोलणं, सगळं हातवारे करून सांगितलं. खोटं बोलला ग माज्यासाठी, भर दुकानात. येवढं शिकलेलं पोर, पन बापाला खाली पडू देईना. विमलाबाई ऐकत उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. ताटं घेतली, दोघांना वाढलं, सासऱ्याच्या ताटात वरून थोडं तूप घातलं. म्हातारा जेवायला लागला तशी ती भाकरी घेऊन सूर्यभानपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “आता तरी खरं सांगून टाका त्यांना.”

“तेच सांगितलं,” सूर्यभान म्हणाला. “म्हणून तर मला चांगला लेक म्हणतायत.”